एफपीएस पडतायत : प्रोसेसर खरंच कमी पडतोय का, आधी तपासू

भुसावळ_जंक्शन
राम राम मंडळी. पीसी असा आहे : आय५ १२४००एफ, त्याच्या खोक्यात आलेलाच फॅन, एच६१० बोर्ड, डीडीआर४ ३२०० ची १६ जीबीची एकच रॅम, आरएक्स ६६००, ५०० वॅटचा पॉवर सप्लाय, १०८०पी चा १४४ हर्ट्झ मॉनिटर. थंडीत सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) मध्ये १९०-२०० एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढ्या फ्रेम, मिळायचे. आता सुरुवातीला १७० दिसतात आणि वीस मिनिटांत ९० ते ११० वर येतात. स्मोक (धुराचा बॉम्ब) फुटला की ५५. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४५ टक्के, ग्राफिक्स कार्ड ५० च्या आसपास. दोन्ही अर्धे रिकामे असताना अडतंय कुठे? दुकानदार म्हणतो, बॉटलनेक आहे, म्हणजे प्रोसेसर बाकीच्यांना अडवतोय, आय७ टाका. ड्रायव्हर नवीन टाकला, विंडोज पुन्हा टाकली, काही फरक नाही. खोलीत दुपारी ४१-४२ अंश असतं.

तापीकाठ
आय७ चे पैसे आत्ता खिशातच ठेवा. आधी तो ४५ टक्क्यांचा आकडा समजून घ्या, कारण सगळी फसगत तिथून सुरू होते.

१२४००एफ मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत. टास्क मॅनेजर बाराही थ्रेडची सरासरी दाखवतो. एकच थ्रेड पूर्ण भरला आणि बाकीचे अकरा रिकामे असले, तर तिथे फक्त ८ टक्के दिसणार. गेमचा मुख्य थ्रेड एकच असतो आणि तो जितक्या वेगाने एका फ्रेमचं काम उरकेल तितक्याच फ्रेम पुढे जातात. म्हणून ४५ टक्क्यांवरही प्रोसेसर पुरता दमलेला असू शकतो.

ग्राफिक्स कार्डाचा आकडा जास्त बोलका असतो. फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) दोन्ही बंद असताना कार्ड ९५ च्या वर असेल तर कार्डच पूर्ण राबतंय, त्यात वावगं काही नाही. ते ५०-६० वर रेंगाळत असेल तर त्याला वरून काम मिळत नाही. ते काम प्रोसेसर, रॅम किंवा गेमचं इंजिन यांच्यापैकी कोणीतरी रोखून धरलंय.

खात्री करायची तर एकच चाचणी पुरते. गेममध्ये एकच जागा ठरवा, बॉट किंवा सराव मॅप लावा, फ्रेमची कमाल मर्यादा ० करा, म्हणजे मोकळी. १०८०पी वर दोन मिनिटं आकडे बघा. मग बाकी काहीही न बदलता रिझोल्यूशन ७२०पी करा. एफपीएस जिथे होते तिथेच राहिले तर अडचण प्रोसेसरच्या बाजूची, चांगले वाढले तर कार्डाची. रिझोल्यूशनसोबत शॅडो किंवा टेक्स्चरला हात लावू नका. काही सेटिंग दोन्ही बाजूंवर भार टाकतात, मग निकाल गढूळ होतो.

एफपीएस च्या जोडीला फ्रेमटाइमचा आलेख लावा. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, १४४ म्हणजे ६.९. सरासरी १७० असूनही मध्येच एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची आली तर हाताला झटका जाणवतो, सरासरीत तो दिसत नाही. आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर (खेळताना आकडे पडद्यावर दाखवणारे प्रोग्राम) लावून कार्डाचा वापर, प्रत्येक कोअरचा क्लॉक (वेग), तापमान आणि फ्रेमटाइम एवढ्या चार गोष्टी पडद्यावर ठेवा.

वांग्याचं_भरीत
तापीकाठशी सहमत. भर एवढीच की इंटेलचा प्रेझेंटमॉन हा फ्रेम मोजणारा प्रोग्राम मोफत आहे आणि त्यात ‘जीपीयू बिझी’ नावाचा आकडा येतो, म्हणजे एका फ्रेममागे कार्ड किती मिलिसेकंद खरोखर कामात होतं. फ्रेमटाइम १० आणि जीपीयू बिझी ५ असेल तर उरलेले ५ मिलिसेकंद कार्ड हात बांधून बसलंय. टक्क्यांपेक्षा हे कितीतरी स्वच्छ कळतं.

पण तुमच्या वर्णनातला मुद्दा वेगळाच आहे : सुरुवातीला १७०, वीस मिनिटांनी १००. प्रोसेसर मुळात कमजोर असता तर पहिल्या मिनिटापासून कमीच मिळाले असते. वेळेबरोबर घसरतंय म्हणजे गरम होऊन घसरतंय. एचडब्ल्यूइन्फो (पीसीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्राम) फक्त सेन्सरवाल्या पर्यायात उघडा, गेम सुरू झाल्यावर खालच्या घड्याळाच्या बटणाने जुने आकडे पुसा, तीस मिनिटं खेळा आणि हे वाचा :

सीपीयू पॅकेज तापमान, कमाल.
पी-कोअरचे क्लॉक. सगळ्या कोअरवर भार असताना १२४००एफ चा क्लॉक ४.० गिगाहर्ट्झच्या आसपास राहायला हवा.
‘कोअर थर्मल थ्रॉटलिंग’ (तापल्यामुळे वेग कमी करणं) समोर येस आहे की नो.
‘परफॉर्मन्स लिमिट रीझन्स’ उघडून ‘आयए : प्रोचॉट’, ‘आयए : थर्मल’, ‘व्हीआर थर्मल अलर्ट’ आणि पीएल१. पहिले दोन प्रोसेसर तापल्याचे, तिसरा बोर्डाचा वीज पुरवणारा भाग तापल्याचा, पीएल१ वॅटची मर्यादा लागल्याचा.

तिथेच ‘मॅक्स टर्बो लिमिट’ समोर येस दिसेल, त्याने घाबरू नका. प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या कमाल वेगावर पोचलाय, एवढाच त्याचा अर्थ.

भुसावळ_जंक्शन
केलं. ७२०पी वर एफपीएस तेवढेच, दोन-चारचा फरक. पॅकेज कमाल १०० अंश. थर्मल थ्रॉटलिंग येस, प्रोचॉट येस, व्हीआर थर्मल नो, पीएल१ नो. क्लॉक पहिली पाच मिनिटं ४.०, नंतर २.७ ते ३.१ मध्ये खालीवर. तेव्हा पॅकेज पॉवर ४० वॅटच्या आत.

वांग्याचं_भरीत
सापडलं. ४० वॅटला १०० अंश म्हणजे उष्णता प्रोसेसरवरून उचललीच जात नाहीये. तो खोक्यातला फॅन छोटा असला तरी गेमिंगचे ५०-६५ वॅट त्याला झेपतात. इंटेलच्या या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. तिथे पोचला की स्वतःला वाचवायला तो क्लॉक खाली आणतो. बॉटलनेक आहेच, पण तो उष्णतेने तयार केलेला. आय७ बसवला असता तर तो आणखी वॅट खाऊन आणखी लवकर १०० ला टेकला असता.

आपल्याकडचं गणित लक्षात ठेवा. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक वॅटला तापमान खोलीच्या ठरावीक अंश वर राहतं. २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारा प्रोसेसर ४२ च्या खोलीत ८७ वर चालणार, सामान तेच असलं तरी. व्हिडिओत दिसणारी तापमानं बहुतेक एसी खोलीतली असतात. त्यात १५ अंश मिळवल्याशिवाय ती भुसावळ-जळगावच्या मे महिन्याला लागू पडत नाहीत.

अमळनेरकर
दोन संशयित. एक, कूलरच्या फिनमध्ये (धातूच्या पातळ पट्ट्यांत) अडकलेला कापूस. दुसरा, कूलरची निसटलेली खुंटी.

कापसाचं म्हणाल तर धरणगाव, एरंडोल, अमळनेर या पट्ट्यात जिनिंग सुरू असतं तेव्हा हवेत बारीक तंतू असतात. साधी धूळ फिनवर बसते. तंतूचं तसं नाही, ते एकमेकांत गुंतून फॅन आणि फिन यांच्यामध्ये नमद्यासारखा थर धरतात. वरून बघितलं तर फॅन स्वच्छ फिरताना दिसतो. फॅन काढला की खाली करड्या रंगाची चकती निघते, चिमटीने अख्खी उचलता येते.

खुंट्यांचं असं. इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. दाबताना समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, म्हणजे कर्णरेषेत, आधी एक जोडी मग दुसरी. प्रत्येकीचा टक असा आवाज यायला हवा. नंतर बोर्डाच्या मागून बघा : चारही भोकांतून पांढऱ्या पाकळ्या फाकून बाहेर आल्यात आणि त्यांच्या मधोमध काळी दांडी पूर्ण पुढे आलीये का? एका जरी ठिकाणी पाकळ्या मिटलेल्या दिसल्या तर कूलर त्या कोपऱ्यात उचललेला आहे. पेस्ट कितीही भारी असली तरी मग उपयोग नाही.

सातपुडा_सावली
साफसफाईला पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेऊ नका, कृपा करा. टाकीत साचलेलं पाणी आणि तेल त्या हवेबरोबर येतं, आणि दाब इतका की फॅनची पाती तुटतात. हातात धरायचा साधा इलेक्ट्रिक ब्लोअर पुरतो. फुंकताना फॅन बोटाने किंवा काडीने अडवून धरा. हवेने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. पॉवर सप्लाय बाहेरूनच फुंकायचा, उघडायचा नाही. बंद केल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब राहतो.

पेस्ट बदलताना : मशीन दहा मिनिटं चालवून कोमट करा, बंद करा, वायर काढा. खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून सोडवा, कूलर ओढण्याआधी थोडा डावीउजवीकडे वळवा. जुनी पेस्ट टिश्यू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट मधोमध मोठ्या वाटाण्याएवढी. पसरवत बसू नका, कूलरचा दाब तिला पसरवतो. कूलर लावून पुन्हा उचलून बघायचा मोह झाला तर पेस्ट परत पुसून नव्याने लावा, आत हवा अडकते.

आणि एक सोपी परीक्षा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच गेम खेळा. तापमान ७-८ अंशांनी उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. एक-दोननेच उतरलं तर दोष कूलर आणि पेस्टमध्ये. झाकण मात्र कायमचं काढून ठेवू नका, महिन्याभरात तोच कापूस थेट बोर्डावर बसेल.

शिरपूर_६०एफपीएस
मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडे रायझन ५ ५५०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी. नवीन गेममध्ये भिंतींचे टेक्स्चर उशिरा येतात आणि मान वळवली की झटका बसतो. तापमान ७२ च्या वर जात नाही. हा पण प्रोसेसरचाच बॉटलनेक का?

तापीकाठ
नाही भाऊ, तुमचं दुखणं वेगळं आहे. कार्ड आणि बोर्ड यांच्यातली डेटाची वाट म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, आणि ६५०० एक्सटी तिच्या चारच लेन वापरते. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात. पण ५५०० हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचाच पीसीआय देतो, म्हणून तुम्हाला निम्मे, ४ च्या आसपास. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की उरलेलं टेक्स्चर रॅममधून याच अरुंद वाटेने ये-जा करतं. झटका तिथे बसतो.

आफ्टरबर्नरमध्ये मेमरी वापर लावा आणि टेक्स्चर एकेक पायरी उतरवत तो ३.५ जीबीच्या खाली आणा. इथे टेक्स्चर सोडून बाकी सगळं लो करून फार हाती लागणार नाही. फक्त प्रोसेसर ५६०० करायचा विचार असेल तर आधी बोर्ड बघा. ए५२० वर प्रोसेसर कुठलाही टाका, पीसीआय तिसऱ्या पिढीचंच राहतं. त्यापेक्षा पुढेमागे आठ लेनचं आणि ८ जीबीचं कार्ड घ्या.

शिरपूर_६०एफपीएस
टेक्स्चर मीडियम केले, वापर ३.३ वर आला आणि झटके गेले. बठ्ठं बरोबर शे भाऊ तुमनं. आभारी आहे.

भुसावळ_जंक्शन
कूलर उतरवला. अमळनेरकर म्हणाले ते दोन्ही निघालं. कापसाची चकती होतीच आणि मागून उजवीकडची वरची खुंटी मिटलेली. साफ केलं, पेस्ट लावली, चारही टक झाल्या. आता दुपारी ४१ अंशांत, तीस मिनिटांनी पॅकेज ८६, क्लॉक ४.० वर स्थिर, थ्रॉटलिंग नो. सीएस२ सरासरी १८०. पण १ टक्का लो (सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा एफपीएस) ७२ च आहे, आणि जीटीए ५ मध्ये शहरात गाडी जोरात पळवली की अजून अडखळतं. मोठा टॉवर कूलर घेऊ का?

अमळनेरकर
८६ वर थ्रॉटलिंग नाही म्हणजे कूलरने एफपीएस वाढणार नाहीत, फक्त आवाज कमी होईल. घ्यायचाच असेल तर १२० मिमी फॅनचा साधा टॉवर भरपूर झाला. पाण्याच्या रेडिएटरवालाही शेवटी खोलीच्या हवेनेच थंड होतो, त्यासाठी जादा पैसे नकोत. घेताना एलजीए१७०० चा (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचा) ब्रॅकेट सोबत आहे का ते विचारा. आधीच्या सॉकेटच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमी होतं, इथे ७८ आहे, जुना कूलर तसाच बसत नाही. आणि कॅबिनेटमध्ये कूलरला किती उंची मिळते ते मोजून घ्या, बरेचसे टॉवर १५० मिमीच्या वर असतात.

तापीकाठ
आता रॅमकडे या. सरासरी चांगली आणि १ टक्का लो खोल, हे एका रॅमवाल्या मशीनचं ठळक लक्षण.

डीडीआर४ ३२०० चं एक चॅनल सेकंदाला २५.६ जीबी देतं, दोन चॅनल मिळून ५१.२. ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते, म्हणून एक रॅम पुरते असं दुकानात सांगतात. पण प्रोसेसरला तशी सोय नाही. कॅशेमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत) मावलं नाही ते सगळं त्याला रॅममधून आणावं लागतं. धूर, गर्दी, शहरात नव्याने उघडणारा भाग अशा ठिकाणी खूप डेटा एकदम लागतो आणि मुख्य थ्रेड रॅमची वाट बघत थांबतो. गंमत अशी की हा थांबलेला वेळसुद्धा विंडोज ‘प्रोसेसर वापरात’ म्हणूनच मोजतं. एएमडीच्या ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅशे घातला तो याच कारणासाठी, हे रॅमकडे जाणं कमी करायला.

सीपीयू-झेड (प्रोसेसर आणि रॅमची माहिती दाखवणारा प्रोग्राम) मध्ये मेमरीच्या पानावर तुमचं चॅनल एकच दिसेल. तिथेच डीरॅम फ्रिक्वेन्सी १६०० च्या आसपास असायला हवी. ती ३२०० ची निम्मी असते, बरोबर आहे. १०६६, १२०० किंवा १३३३ दिसली तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग, सुरूच केलेली नाही. एच६१० वर ३२०० पर्यंत चालतं, त्यापुढे नाही.

शक्यतो आहे तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर, १६ जीबीचीच घ्या. बजेट नसेल तर ८ जीबीही चालेल : तेव्हा ८ + ८ एवढा भाग दोन चॅनलवर चालतो आणि वरचे ८ एकावर. बऱ्याच एच६१० बोर्डांवर दोनच स्लॉट असतात, दोन्ही भरायचे. चार स्लॉटवाल्यांनी प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा भरायचा.

बसवल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा, चार फेऱ्या. एकही लाल ओळ आली तर रॅम परत करा. आणि रॅमच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासू नका. इथे सगळे घासतात, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो. अल्कोहोलचा बोळा फिरवा, सुकू द्या.

वांग्याचं_भरीत
रॅम येईपर्यंत जीटीए ५ साठी : ‘पॉप्युलेशन डेन्सिटी’ आणि प्रगत भागातलं ‘एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग’ खाली ओढा. ही दोन्ही प्रोसेसरवर बसतात. गवत आणि एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) कार्डावर बसतात, ते तुमच्या ६६०० ला झेपेल तेवढं ठेवा. सायबरपंकमध्ये ‘क्राउड डेन्सिटी’ लो. रे ट्रेसिंगही बंद, कारण त्याचं ओझं प्रोसेसरवरही येतं.

आणि प्रोसेसर अडवत असताना एफएसआर किंवा डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर काढलेलं चित्र मोठं करणारी तंत्रं) लावून एफपीएस वाढणार नाहीत. ते कार्डाचं काम हलकं करतात, आणि कार्ड तर आधीच मोकळं आहे. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम बनवून घालणं) मात्र आकडा वाढवतं, पण मूळचे ६० तरी स्थिर हवेत, आणि सीएस२ सारख्या गेममध्ये त्याचा उशीर परवडत नाही.

शहादा_लॅपटॉप
लॅपटॉपवाल्यांसाठी थोडकं. लाइट गेली आणि एफपीएस बरोबर ३० वर अडकले तर काही बिघडलेलं नाही. एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट बॅटरीवर फ्रेम बांधून ठेवतं. ते बंद केलं तरी बॅटरी पूर्ण वॅट देत नाही, म्हणून भारनियमनात खेळायचं तर चार्जर इन्व्हर्टरवर हवा. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते. मागची बाजू दोन इंच उचलून ठेवलीत तरी तापमान उतरतं.

सातपुडा_सावली
विंडोजकडचं पण एकदा बघून घ्या. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १४४ निवडलाय का? बरेच जण १४४ चा मॉनिटर घेऊन ६० वर खेळतात. ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही विंडोजची सुरक्षा सेटिंग बंद करा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. १२४००एफ सारख्या नव्या प्रोसेसरवर मी ती चालूच ठेवा म्हणेन, फरक लहान आहे आणि सुरक्षितता खरी आहे. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीचे आणि झेन २ (एएमडीची एक पिढी) च्या आधीचे रायझन यांना मात्र तिचा भार जास्त पडतो, कारण तिथे तिला हार्डवेअरची पूर्ण मदत नाही.

खिडकीतल्या कूलरबद्दल कोणी विचारायच्या आत सांगतो : कोरड्या मे महिन्यात तो खोली चांगलीच उतरवतो आणि त्याचा पीसीला फायदाच होतो. फक्त कॅबिनेट झोताच्या सरळ समोर नको. थेंब उडाले तर बोअरच्या जड पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. दोन-तीन हात बाजूला आणि जमिनीपासून वर ठेवा.

भुसावळ_जंक्शन
१६ जीबीची दुसरी रॅम बसवली, तोच मॉडेल नंबर. मेमटेस्टच्या चारही फेऱ्या स्वच्छ. त्याच मॅपवर, त्याच सेटिंगवर सीएस२ : सरासरी २१०, १ टक्का लो ११८. जीटीए शहरातही सरळ चालतंय. बोर्डाच्या साइटवर नवीन बायोस दिसतोय, तो पण टाकून घेऊ का?

तापीकाठ
सगळं चालू आहे तर घाई नको. टाकायचाच असेल तर दुपारी नाही, आणि यूपीएस नसेल तर अजिबात नाही. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली तर बोर्ड उठत नाही, आणि बायोस फ्लॅशबॅकचं (बायोस पेनड्राइव्हवरून परत टाकायचं) बटण नसेल तर चिप प्रोग्रामरवर न्यावी लागते. बायोसनंतर एक्सएमपी स्वतःहून बंद होतं, ते पुन्हा सुरू करून सीपीयू-झेड मध्ये १६०० बघा.

दुपारसाठी एक करा : रिव्हाट्यूनरमध्ये फ्रेमची मर्यादा १३८ लावा. मॉनिटर १४४ च्या वर दाखवत नाही, २१० पर्यंत पळून प्रोसेसर नुसता तापतो. मर्यादा लावून तीस मिनिटांनंतरचं पॅकेज तापमान इथे टाका.

भुसावळ_जंक्शन
१३८ वर, दुपारी साडेतीनला, खोली ४२ : पॅकेज ७९.